दाराचं गाणं

माझी भाची दर सोमवारी मला फोनवर गाणी पाठवते. "आत्या, या आठवड्याची," एवढंच लिहिते आणि खाली चार-सहा गाणी. सगळी रॉक. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई, गुडघे कुरकुरतात, पण सकाळी फिरायला निघते ती कानात गिटार आणि ड्रम घालून. कॉलनीतल्या बायकांना वाटतं मी हरिपाठ ऐकते. वाटू दे. मान हलतेच आहे ना.

या आठवड्यात मात्र एकच गाणं आहे आणि ते भाचीनं नाही, मी निवडलंय. सोमवारपासून तेच ऐकते आहे आणि दर वेळी मला राग येतो. गाण्याचा नाही. गाणं बिचारं पहिल्यापासून जे सांगत होतं तेच सांगतंय. राग येतो माझ्या भावाचा आणि आईचा. आई आता नाही, म्हणून तिचा जास्त येतो. जिवंत माणसाशी निदान भांडता येतं.

लातूर जिल्हा झाला तेव्हा आम्ही नांदेडला राहत होतो. वडील महसूल खात्यात कारकून. नवा जिल्हा म्हटलं की नवी कचेरी आली आणि कचेरीला माणसं लागतात, म्हणून इकडून तिकडून माणसं उचलून लातूरला नेली. त्यात आमचे वडीलही गेले. सुरुवातीला तिथं बसायला धड खुर्च्या नव्हत्या. वडील फायलींच्या गठ्ठ्यावर बसून काम करायचे आणि संध्याकाळी घरी आले की म्हणायचे, "जिल्हा झाला. आता टेबल व्हायचं राहिलंय."

दादा नांदेडलाच राहिला, मामाकडं. त्याचं कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं, ते कशाला मोडायचं, असं सगळ्यांनी ठरवलं. आमचं सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा त्यानं आपला छोटा टेप माझ्या हातात दिला. तो टेप तो जिवापाड जपायचा, मला हातही लावू द्यायचा नाही. "ठेव तुझ्याकडं," म्हणाला. "मी दर आठवड्याला गाणी पाठवतो, तू बघच." मी ट्रकमध्ये टेप मांडीवर घेऊन बसले आणि लोह्यापर्यंत रडले. भाऊ असावा तर असा, असं मला तेव्हा वाटलं होतं, आणि पुढंही फार वर्षं वाटत राहिलं.

आमच्या भागात पोरगं शिकायला बाहेर असलं की त्याचा डबा एस.टी.नं जातो. कुणी सोबत जात नाही, नुसता डबाच जातो. आई शनिवारी पिशवी भरायची. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची लसूण घातलेली चटणी. मी ती स्टँडवर नेऊन नांदेडच्या गाडीच्या ड्रायव्हरकडं द्यायची. तो ती आपल्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर ठेवायचा. अहमदपूर, लोहा करत पिशवी नांदेडला पोचायची आणि दादा तिथल्या स्टँडवर ती उतरवून घ्यायचा. रिकामा डबा असाच उलटा यायचा. डबा मात्र अगदी रिकामा नसायचा. आत दादाच्या बनियनमध्ये गुंडाळलेली एक कॅसेट असायची. ऐकून झाली की तीच पुढच्या डब्यातून परत जायची आणि नव्यानं भरून यायची. त्या कॅसेटला चटणीचा वास यायचा. मला अजूनही एखादी गिटार कळवळली की लसणाचा वास येतो, आणि हे मी कुणाला सांगत नाही.

नांदेडला कॅसेट भरून देणारं एक दुकान होतं. दुकानदाराचा भाऊ आखातात होता, तो तिकडून इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी पाठवायचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानदार दादाला आत बसू द्यायचा. तिथं माइक होता. दादा गाणी भरायचा आणि प्रत्येक गाण्याआधी स्वतः बोलायचा, अगदी रेडिओवरच्या निवेदकासारखा. "तर ऐकून राहिलीस ना? ही या आठवड्याची गाणी. आता जे गाणं लागंल त्याचा अर्थ असा हाय..." मागं दुकानदार "चाय बोलो रे" म्हणून ओरडायचा, रिक्षा जायच्या, कुणीतरी खोकायचं. मग गाणं.

मला इंग्रजी होतं ते धडा पाठ करण्यापुरतं. तो गाणारा माणूस बेंबीच्या देठापासून ओरडायचा आणि त्यातलं माझ्या हाती काही लागायचं नाही. पण दादानं आधी अर्थ सांगितलेला असायचा, त्यामुळं सगळं समजल्यासारखं वाटायचं. दादा कॉलेजात, त्याला इंग्रजी येणारच. याच्यावर विचार काय करायचा?

त्या दिवसांत लातूरला पाणी टँकरनं यायचं. टँकर कधी येईल हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. बायका घागरी ओळीनं लावायच्या आणि सावलीला बसून राहायच्या. आईची कंबर धरलेली, त्यामुळं रांगेत मी. एक घागर पालथी घालून तिच्यावर टेप ठेवायचा आणि गाणी लावायची. घागरीवर आवाज काय घुमतो! सेल संपत आले की गाणारा एकदम म्हातारा व्हायचा, घोगरा आणि रडका. मग सेल काढून उन्हात तापवायचे, की तो पुन्हा तरणाबांड. उन्हाची तेवढी आम्हाला ददात नव्हती.

शेजारी किराणा दुकानदाराचं घर होतं. त्या घरच्या काकू गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याशिवाय तोंडात पाणी घेत नसत. त्यांनीच पहिल्यांदा विचारलं, "का गं, हा एवढा कशापायी कळवळून राहिला?"

मी दादाचा अर्थ सांगितला. "त्याच्या गावातली विहीर आटली काकू. तो विहिरीत वाकून हाका मारून राहिला आणि आतून त्याचाच आवाज परत येऊन राहिला."

काकूंनी गालावर हात ठेवला. "शिवा शिवा! तिकडं बी पाणी न्हाई?"

पलीकडची एक म्हणाली, "त्यांचा बी नवा जिल्हा झाला आसंल. जिल्हा झाला की पाणी जातंय."

झालं. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत रॉक सुरू झालं. रॉक म्हणजे खडक, हेही दादानंच सांगून ठेवलेलं, म्हणजे खडकाळ मुलखातल्या लोकांची ही गाणी, हे बायकांना लगेच पटलं. "त्या विहिरीवाल्याचं काय झालं गं पुढं?" अशी चौकशी व्हायची. त्या गाण्याला एवढी मागणी होती की दादाला ते दर आठवड्याला नव्यानं भरावं लागायचं. दुसरं एक होतं, त्यात म्हातारा बाप डोंगरावर एकटा बसून पोरांची वाट बघतो. त्याला काकू पदर लावायच्या डोळ्याला. साता समुद्रापलीकडचा कुणी लांब केसांचा माणूस आपल्यासारखाच पाण्यावाचून तडफडतो, याचा त्या बायकांना फार आधार वाटायचा, आणि मला तर वाटायचाच.

आई मात्र या सगळ्यात नव्हती. घरी टेप लावला की तिचं ठरलेलं वाक्य यायचं, "बंद कर ती बोंबाबोंब. कोण मेलंय का घरात?"

टेप सारखा चालला की बिघडणारच. एकदा आतला पट्टा सैल झाला आणि गाणं लागेना. मी स्क्रू काढले, आत बघितलं, सायकलच्या जुन्या ट्यूबचं बारीक कडं कापलं आणि बसवलं. चालला. मग गल्लीतले रेडिओ माझ्याकडं यायला लागले. वडील फायलींतून डोकं वर काढून हे बघत असायचे. माझी दहावी झाली तशी त्यांनीच नांदेडच्या तंत्रनिकेतनाचा अर्ज आणला. रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. "बाईमाणसानं रेडिओ उघडू नये असं कुठल्या जी.आर.मध्ये आहे?" म्हणाले. माझा नंबर लागला.

मला काय झालं असेल ते सांगता येत नाही. नांदेड म्हणजे मामाचं घर, दादा, आणि ते कॅसेटचं दुकान. त्या दुकानात आपण स्वतः जाऊन बसलोय असं मी रोज बघायची. पण इकडं आई होती. वाकली की तिला उठता येत नसे, आणि पाणी तर रोज लागतं. वडील म्हणाले, "जायचं तर जा. इकडचं मी बघतो. पण ठरव तू." आई काहीच म्हणाली नाही. जा नाही, जाऊ नको नाही. भांडी घासत राहिली.

त्याच आठवड्यात मामाकडं बारसं होतं म्हणून आई नांदेडला गेली. मी तिच्याजवळच निरोप दिला, "दादाला विचार, काय करू. म्हणावं, कॅसेटमधी सांग." आता आठवलं की हसू येतं, आणि ते काही चांगलं हसू नाही. आई म्हणाली, "सांगते."

त्या आठवड्याची कॅसेट एस.टी.च्या झाकणावरून आली नाही. आईच घेऊन आली. पिशवीतून काढून तिनं माझ्या हातात दिली, पाय धुतले, आणि माझ्याशेजारी येऊन बसली. "लाव," म्हणाली. "मला बी ऐकू दे."

मला केवढं बरं वाटलं. आईला शेवटी गाणी ऐकावीशी वाटली!

त्या दिवशी दादाच्या आवाजामागं चहाची हाक नव्हती, रिक्षा नव्हती. तो हळू आणि नीट बोलत होता. "हे गाणं नीट ऐक. एक पोरगी हाय. दुष्काळाच्या साली ती घर सोडून शहरात शिकायला जाते. दार उघडंच असतं, कुणी अडवत न्हाई. इकडं आई एकटीच विहिरीवर जाऊन राहिली. पोरगी लई शिकते, मोठी होते आणि एक दिवस परत येते. पाऊस पडलेला असतो, विहीर काठोकाठ भरलेली असते. पण रहाटाला दोर नसतो आणि घरात आई नसते. गाणारा म्हणतो, दार उघडं हाय म्हणून जाऊ नको."

मग गाणं लागलं. आधी एकच गिटार, हळू. मग ड्रम. मग तो माणूस ओरडायला लागला आणि ओरडतच राहिला, एकच काहीतरी पुन्हा पुन्हा, जीव तोडून. माझं रडं आवरेना. आईनं पदरानं आपले डोळे पुसले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिचा तो हात मी जन्मभर जपला.

संध्याकाळी वडील आल्यावर मी सांगितलं, "मी नाही जात." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, आईकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग "बरं" म्हणाले आणि चपला काढल्या. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. त्या दिवशी आईनं शिरा केला. माझं मन राखायला केला, असं मला वाटलं.

ती कॅसेट मी परत पाठवली नाही. ठेवून घेतली.

यानंतर मी रडत-कुढत जगले असं कुणी समजू नये. दुष्काळ सरला, गल्लीत नळ आला, आईची कंबरही पुढं औषधानं बरी झाली आणि ती चांगली म्हातारी होऊन गेली. मी लातूरलाच शिकले, शिक्षिका झाले, लग्न केलं, संसार केला. शाळेतला माइक पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी हमखास बंद पडायचा आणि मीच तो उघडून बसायची. कुणी म्हणालं, बाई, तुम्ही यातलं शिकला का नाहीत, की मी सांगायची, "नंबर लागला होता. आईसाठी थांबले." हे सांगताना माझा आवाज जरा बदलायचा, मला माहीत आहे. पोरींना वर्गातही सांगितलंय मी. एक गाणं ऐकलं आणि ठरवलं, असं. दुसऱ्या कुणी ढकललं नाही, माझं मी ठरवलं. आयुष्यात मोठेपणा म्हणावा असं माझ्याकडं तेवढंच होतं.

गेल्या आठवड्यात भाची माझ्याकडं राहायला आली. दादाची लेक. बारावी झाली तशी हैदराबादला गेली, शिकली, तिथंच नोकरीला लागली. दादानं हौसेनं धाडलं तिला. हल्ली लॅपटॉप घेऊन कुठूनही काम करते, म्हणून म्हणाली, आत्याकडं येते. कपाटातलं काहीतरी शोधताना तिच्या हाती तो टेप आणि ती कॅसेट लागली. "आत्या! हे चालतं?"

पट्ट्याचं काळं डांबर झालं होतं. मी ते खरवडून काढलं, ट्यूबचं कडं कापून बसवलं आणि चालू केला. फरफर झाली, आणि मग दादा बोलला. तरुण दादा. भाची तोंडावर हात ठेवून हसायला लागली. "बाबा! बाबा असे बोलायचे?"

पहिलं विहिरीचं गाणं लागलं. मी तिला काकूंची गोष्ट सांगत होते तोवर तिनं फोन टेपसमोर धरला. फोननं गाणं ओळखलं. हल्ली फोन ओळखतात. मग तिनं त्यावर गाण्याचे शब्द काढले, वाचले, आणि माझ्याकडं बघितलं.

"आत्या, विहीर कुठंय यात? हा गाडीबद्दल बोलून राहिला. लाल गाडी हाय त्याची. टाकी फुल हाय म्हणतो, रस्ता मोकळा हाय म्हणतो."

मला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा मी एवढी हसले की कमरेत उसण भरली. याची टाकी फुल होती, आणि आमची गल्लीच्या गल्ली घागरी लावून याच्या विहिरीसाठी हळहळत होती! काकू जाईपर्यंत त्या माणसासाठी शिवाला हात जोडायच्या. डोंगरावरचा म्हातारा बाप तर कुठंच नव्हता. तिथं कुणी एक पोरगा रात्रभर नाचून दमला होता. आम्ही दोघी हसून हसून गळून गेलो. दादा थापाड्या आहे हे मला ठाऊक होतं, पण एवढा! तोवर मला वाईट असं काही वाटलं नव्हतं. उलट प्रेमच आलं. एवढ्या थापा दर आठवड्याला कुणासाठी जुळवायच्या म्हणजे काय खायचं काम आहे?

मग दाराचं गाणं लागलं. दादाचा तो हळू आवाज. भाची ऐकत होती. गिटार सुरू झाली तसा तिनं फोन धरला. शब्द आले. ती वाचायला लागली आणि वाचता वाचता तिचं हसू गेलं.

"काय आहे?" मी म्हणाले. "वाच ना."

"आत्या, दार उघडं हाय, असं आहे यात."

"बघ. ते खरं सांगितलं होतं त्यानं."

"दार उघडं हाय, जा. आज नाही गेलीस तर कधीच जाणार नाहीस. मागं कुणी रडलं तरी वळू नको, रडणारे जगतात. असं आहे. आणि मग शेवटपर्यंत नुसतं जा, जा, जा."

मी तिला पुन्हा वाचायला लावलं. मग चष्मा लावून मी स्वतः वाचलं. आता मला तेवढं येतं.

बाकी थापा समजल्या. अर्थ येत नव्हता, जुळवला. पण ही थाप अगदी माझ्या मापाची शिवलेली होती. त्यात पोरगी होती, शिकायला जाणं होतं, विहीर होती, आई होती. आणि ज्या आठवड्यात मी विचारलं, काय करू, नेमकी त्याच आठवड्यात ती आली. मग मला आठवलं की ती कॅसेट कुणी आणली. लाव, मला बी ऐकू दे.

रविवारी दादा लेकीला न्यायला आला. आपल्या गाडीनं, त्याच लोहा-अहमदपूरच्या रस्त्यानं. मी चहा ठेवला नाही. टेप त्याच्यापुढं टीपॉयवर ठेवला आणि लावला.

आधी तो खूश झाला. आपलाच आवाज ऐकून मांडीवर थाप मारली. "अगं, मला तरी कुठं कळत होतं? बारावीला इंग्रजीत काठावर पास झालो मी. दुकानदार सांगायचा, हे दुःखाचं हाय, हे नाचायचं हाय. बाकी मी जुळवायचो. पण तुला आवडायचं ना?"

"आवडायचं," मी म्हणाले. "दाराचं कुणी जुळवलं?"

त्यानं टेप बंद केला. लेकीकडं बघितलं. "जा बरं, चहा कर." ती उठली, पण दाराशीच उभी राहिली.

"दादा, कुणी जुळवलं?"

तो टेपच्या बटणाशी चाळा करायला लागला. मग म्हणाला, "आई आली होती ना बारशाला. तिनं सांगितलं."

"काय सांगितलं?"

"म्हणाली, मी जा म्हणले तर माझी कंबर मोडंल. जाऊ नको म्हणले तर पोरगी जन्मभर मला बोलंल. तिचं त्या कॅसेटीवर लई मन हाय, तू त्यातून सांग."

"आणि तू सांगितलंस."

"मी म्हणलो, असं कसं सांगू? तर म्हणाली, मग तू ये. लातूरला बी कॉलेज हाय, नाव तिकडनं काढ आन् इकडं पाण्याला लाग." तो माझ्याकडं बघत नव्हता. "मला यायचं नव्हतं गं. नांदेडला माझं सगळं होतं. मित्र, दुकान. मी एकोणीस वर्षांचं पोरगं होतो."

"मी सोळा वर्षांची होते."

"हाव," तो म्हणाला. मग म्हणाला, "तू काय, सुखातच राहिलीस ना?"

तिथं माझा तोल गेला. सुखात राहिले, ते माझं मी राहिले. त्याच्याशी तुमचा काय संबंध? मी त्याला म्हणाले, तुम्ही दोघांनी मला समोर बसवून विचारायचं होतं. कंबर मोडली आहे गं, थांब, एवढंच आईनं म्हणायचं होतं. तू यायचं नाही म्हणतोस, तर तसं तू सांगायचं होतंस. मी थांबलेही असते. माझ्या आईला टाकून मी गेले असते असं तुम्हाला का वाटलं? मग ते थांबणं माझं तरी झालं असतं. लोकांना अभिमानानं सांगत फिरले, आईसाठी थांबले, आईसाठी थांबले. मी कुठं थांबले? मला थांबवलं. सख्ख्या माणसांनी केसानं गळा कापला, आणि मी तो हात डोक्यावरून फिरतोय म्हणून जपत बसले.

दादा रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. येईल कधीतरी, भाऊ आहे, पण अजून आलेली नाही. वडिलांनी त्या संध्याकाळी आईकडं एवढा वेळ का बघितलं, तेही मला कळलं. त्यांना समजलं होतं. आणि तेही "बरं" म्हणाले. म्हणजे घरात माझ्याखेरीज तीन माणसं होती आणि तिघांनाही ठाऊक होतं.

निघताना दादा दारात घोटाळला. "रागावलीस?"

"हाव," मी म्हणाले. त्याचंच नांदेडी 'हो' त्याला परत दिलं.

त्याच्या मागं भाची उभी होती, पाठीला पिशवी. तिला हैदराबादला पाठवताना दादानं कुठल्या गाण्याचा अर्थ सांगितला होता, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण लेकीसमोर बापाला अजून किती उघडा पाडायचा? तिनं मला घट्ट मिठी मारली आणि कानात म्हणाली, "आत्या, सोमवारी कोणती पाठवू?"

मी म्हणाले, "तेच पाठव. एकच."

तर ते ऐकते आहे. भाचीनं पाठवलेलं अगदी स्वच्छ आहे, फरफर नाही, चटणीचा वास नाही, आधी कुणी बोलत नाही. सरळ गिटार सुरू होते. चालता चालता आता मला शब्द ऐकू येतात, आणि सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो तो शेवटी पुन्हा पुन्हा येणारा एक शब्द. दोन अक्षरांचा इंग्रजी शब्द. मी तो तिसरीच्या पोरांना वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून शिकवला. मला तो सोळाव्या वर्षीही येत होता. धड्यात होता. पण कानात दादाचा आवाज आधी गेला होता, मग दुसरं काही शिरायला जागाच नव्हती.

एवढ्या लांबचा, ओळख ना पाळख असा तो माणूस गळा फाडून मला जा म्हणत होता, आणि मी आईला टेकून, डोळे पुसत त्याला सांगत होते, नाही जात रे बाबा, नाही जात.